टॅबलेट घ्यावा की संगणक? आधी काम कुठे संपते ते पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर आणि दुकान मिळून तुमच्याकडे एकच संगणक आहे. तो २०१६ च्या सुमारास घेतलेला असल्यामुळे त्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० ला नियमित सुरक्षा अद्यतने देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, तेव्हा आता काहीतरी नवे घेणे भाग आहे. तालुक्याच्या गावी तुमचे हार्डवेअरचे दुकान आहे, वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि मुलगी अकरावी विज्ञानला आहे. पुन्हा सीपीयू घेण्याऐवजी एक चांगला टॅबलेट आणि त्याला जोडायचा कीबोर्ड घेतला तर तिघांचेही भागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

दुकानाचे भागणार नाही. वहिनींचे बहुतेक भागेल, पण दोन ठिकाणी अडेल. मुलीचे पुढची दोन वर्षे उत्तम भागेल आणि त्यानंतर तिला लॅपटॉप घ्यावाच लागेल. छोटी कार्यालये, दुकाने आणि शाळा यांचे संगणक बसवून देणे व चालते ठेवणे हा माझा व्यवसाय आहे, आणि टॅबलेट घेऊन फसलेले जसे मी पाहिले आहेत, तसेच गरज नसताना लॅपटॉप घेऊन तो कपाटात ठेवलेलेही पाहिले आहेत. म्हणून नुसता निकाल न सांगता कारणेही सांगतो.

टॅबलेट कमी ताकदीचा असतो म्हणून त्यावर काम होत नाही, हा समज प्रथम बाजूला ठेवावा. ॲपलने २०२१ साली आयपॅड प्रोमध्ये जी एम१ चिप बसवली, तीच त्यांच्या मॅकबुक एअरमध्येही होती. अँड्रॉइडचे मध्यम किमतीचे टॅबलेटही पत्रव्यवहार, तक्ते, व्हिडिओ आणि ब्राउझर ही कामे सहज पेलतात. अडचण कार्यप्रणालीच्या स्वभावात आहे. टॅबलेटवर प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंद असते. एका ॲपला दुसऱ्याच्या फाइलला परस्पर हात लावता येत नाही, आणि बाहेरचे एखादे यंत्र जोडले तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा कार्यक्रम, आपण आपल्या मर्जीने टाकू शकत नाही. विंडोजमध्ये हे सगळे करता येते. म्हणूनच विंडोजवर वाटेल ते यंत्र चालते, आणि म्हणूनच शाळेतल्या किंवा सायबर कॅफेतल्या पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकतो. टॅबलेटवर हा उपद्रव जवळपास नाही. ही सुरक्षितता आणि ती अडचण एकाच रचनेतून आलेली आहेत, त्यामुळे एक हवी आणि दुसरी नको असे म्हणता येत नाही.

लोक टॅबलेट पारखताना काम सुरू कसे होते ते पाहतात. वर्ड उघडते, एक्सेल उघडते, जीएसटीचे संकेतस्थळ उघडते, झाले. सुरुवात कोणत्याही उपकरणावर होते. काम संपते मात्र स्वाक्षरी, छापील प्रत, ठरावीक स्वरूपात चढवलेली फाइल किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी कार्यक्रमात भरलेली नोंद यांपैकी कशावर तरी, आणि ते स्वरूप आपण ठरवत नाही. ते शासन, बँक, सनदी लेखापाल किंवा मुख्याध्यापक ठरवतात. आपल्याकडे यातली बरीच स्वरूपे अजून विंडोज गृहीत धरून तयार होतात. ज्याचे काम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकाच ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये राहते, त्याने खुशाल टॅबलेट घ्यावा. ज्याची शेवटची पायरी त्याबाहेर आहे, त्याचे ९५ टक्के काम टॅबलेटवर होत असले तरी उरलेल्या पाच टक्क्यांसाठी त्याला दर महिन्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

आता तुमच्या दुकानाकडे वळू. तुम्ही हिशेबासाठी टॅली वापरता असे लिहिले आहे. टॅलीप्राइम हा कार्यक्रम विंडोजवर चालतो. त्याचे अहवाल ब्राउझरमधून पाहण्याची सोय आहे, पण नोंदीचे रोजचे काम विंडोजवरच करायचे असते. ते तसे असण्यातही अर्थ आहे. गल्ल्यावर बसलेला सरावाचा माणूस विक्रीची नोंद करताना माउसला हातही लावत नाही. एफ८ दाबले की विक्रीचे व्हाउचर येते, पार्टीचे नाव नवे असेल तर ऑल्ट आणि सी दाबून तिथल्या तिथे खाते उघडता येते, मग उजव्या हाताच्या आकड्यांच्या पट्टीवर नग आणि दर भरायचे आणि कंट्रोल व ए दाबून नोंद पक्की करायची. समोर गिऱ्हाईक पाइपचा भाव विचारत असताना हे काम डोळे वर करूनही होते. टॅबलेटला जोडायच्या बहुतेक कीबोर्डांना ती आकड्यांची पट्टी नसते आणि वरच्या एफ-कळा एक तर नसतात किंवा आवाज आणि उजेड कमीजास्त करण्यात अडकलेल्या असतात. दिवसाला पाच बिले करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पन्नास बिले करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत फार पडतो.

बिलांचा आणि साठ्याचा हिशेब मोबाइल किंवा टॅबलेटवर ठेवणारी ॲप बाजारात आहेत आणि चांगली आहेत. नुसती पावती द्यायची आणि उधारी लक्षात ठेवायची असेल, तर लहान दुकानदाराला तेवढे पुरते. पण हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांपासून मोटारींपर्यंत वस्तूंची यादी काही हजारांत जाते, आणि तुमची इतक्या वर्षांची खतावणी टॅलीत आहे. तुमचे सनदी लेखापालही वर्षअखेरीला टॅलीचीच फाइल मागणार. केवळ टॅबलेट घ्यायचा म्हणून हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

जीएसटीचे संकेतस्थळ टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये उघडते. मासिक विवरणपत्रे भरत असाल, तर जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख टॅबलेटवरून सांभाळता येईल, कारण एकल मालकीच्या धंद्याला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने विवरणपत्र दाखल करता येते. मालवाहतुकीसाठी लागणारे एखाददुसरे ई-वे बिलही असेच होऊन जाईल. पण तीच पेढी उद्या तुम्ही खासगी मर्यादित कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) केली, तर डिजिटल स्वाक्षरी लागेल. ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका टोकनमध्ये असते, ज्याला आपल्याकडे सर्रास डोंगल म्हणतात. स्वाक्षरीची गुप्त किल्ली त्या टोकनमधून बाहेर निघत नाही. संगणकात टोकनचा ड्रायव्हर आणि स्वाक्षरी करून देणारा एक छोटा कार्यक्रम बसवावा लागतो, आणि संकेतस्थळ त्या कार्यक्रमाशी बोलून स्वाक्षरी करून घेते. टॅबलेटला हे टोकन जोडणीच्या तुकड्याने खोचता येते, दिवाही लागतो, पण पुढे काही होत नाही, कारण तो ड्रायव्हर आणि तो कार्यक्रम टॅबलेटसाठी नसतो. निविदा भरणारे ठेकेदार, कंपन्यांचे संचालक आणि सनदी लेखापाल यांच्यासाठी टॅबलेटचा विषय इथेच संपतो. ई-वे बिले घाऊक प्रमाणात तयार करण्याचे जे शासकीय साधन आहे, ते मॅक्रो (फाइलीतच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाइल आहे, आणि मॅक्रो अँड्रॉइड किंवा आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत.

प्रिंटरचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, परंतु तो सर्वांत आधी विचारायला हवा होता. तुमच्याकडे एचपीचा लेझरजेट १०२० आहे असे पत्रातल्या एका वाक्यावरून दिसते. हा प्रिंटर महाराष्ट्रातल्या कार्यालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर अजून ठिकठिकाणी दिसतो. मी स्वतःही त्याचा चाहता आहे, कारण त्याच्या टोनरमध्ये पुन्हा भरणी करून देणारा माणूस कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. पण हा प्रिंटर पानाची जुळणी स्वतः करत नाही. संगणकातला ड्रायव्हर पान पूर्ण रचून त्याच्या हाती देतो तेव्हाच तो छापतो. त्याला वायफाय नाही आणि जाळ्यात जोडायची सोयही नाही, फक्त यूएसबी आहे. टॅबलेटवरून त्यावर थेट छपाई होत नाही. दोन प्रतींच्या बिलासाठी डॉट मॅट्रिक्स वापरत असाल, तर तिथेही हाच प्रकार. म्हणजे टॅबलेटबरोबर नवा वायफाय प्रिंटर आला, आणि बहुधा तो शाईचा असणार. पावसाळ्यात आठ-दहा दिवस तो वापरला नाही की त्याची शाई वाळून बसते, हे तुम्ही कोणत्याही दुरुस्ती करणाऱ्याला विचारून पाहा.

ज्यांना दुकानाचा हिशेब हातात घेऊन फिरायचे आहे, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. संगणक दुकानातच ठेवायचा आणि टॅबलेटवर त्याचा पडदा उघडून दुरून काम करायचे. ही सोय मी बऱ्याच जणांना करून दिली आहे आणि गावातले फायबर इंटरनेट चांगले असेल तर ती उत्तम चालते. मात्र विंडोजची होम आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने बाहेरून वापरता येत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. विक्रेते हा फरक सहसा सांगत नाहीत, कारण होम स्वस्त पडते आणि भाव कमी दिसतो. शिवाय अशा व्यवस्थेत टॅबलेट हा संगणकाची जागा घेत नाही, तो संगणकाची खिडकी होतो.

वहिनींचे काम वेगळे आहे, आणि इथे मी टॅबलेटच्या बाजूने आहे. शिक्षकाच्या दिवसातले किती काम खरोखर संगणकाचे असते याचा विचार करा. शासन निर्णय आणि परिपत्रके वाचणे, शासनाच्या दीक्षा ॲपवरचे पाठ दाखवणे, उपक्रमांचे फोटो काढून पाठवणे, ऑनलाइन प्रशिक्षणाला बसणे, मुलांच्या वह्या किंवा स्वाध्यायपत्रिकांचे फोटो तपासणे, आणि केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी सहाला येणारी ‘तातडीची’ माहिती रात्री आठच्या आत भरणे. यातले जवळपास सगळे टॅबलेटवर होते, आणि फोटो, वाचन व पानावर पेनाने खुणा करणे ही कामे संगणकापेक्षा सरस होतात. यू-डायस प्लस या शासकीय नोंदीसारखी शाळेची माहिती ब्राउझरमध्ये भरता येते. रुंद तक्ता अर्धाच दिसत असेल, तर ब्राउझरच्या यादीतून संगणकासाठीचे पान मागवावे.

अडचण मराठी मजकुराची आहे, आणि ती दोन पदरी आहे. पहिली जुन्या फाइलींची. शाळेत पिढ्यान्‌पिढ्या फिरत असलेल्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने आणि इतिवृत्ते बहुधा श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत टंकलेली असतात. त्या फाइलींमध्ये खरी साठवण रोमन अक्षरांचीच असते. फॉन्टने त्यांना देवनागरीचा चेहरा दिलेला असतो. टॅबलेटवर तो फॉन्ट नसला, की सगळे पान रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसते. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुराला ही बाधा नाही. वहिनींच्या बऱ्याचशा फाइली जुन्या फॉन्टांत असतील, तर टॅबलेट घेण्यापूर्वी जुन्या संगणकावरच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. ते करणारे कार्यक्रम आहेत, परंतु रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात. हे कंटाळवाणे काम आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीखेरीज कोणी ते करत नाही.

दुसरा पदर टंकनाचा. पडद्यावरच्या कीबोर्डवर, बोलून किंवा बोटाने लिहून मराठी उमटवणे आता फार सोपे झाले आहे. चार ओळींच्या निरोपाला मी स्वतःही बोलूनच लिहितो. पण चार पानांचा अहवाल बसून टंकायचा असेल, तर खरा कीबोर्ड हवा, आणि टॅबलेटला जोडलेल्या कीबोर्डवर मराठी कशी उमटते ते दुकानातच पाहून घ्यावे. वहिनींनी शासनाची मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली असेल, तर त्यांची बोटे ठरावीक मांडणीला सरावलेली असणार, आणि ती मांडणी प्रत्येक टॅबलेट बाहेरच्या कीबोर्डला देतोच असे नाही. तपासण्यासाठी मी नेहमी ‘दऱ्याखोऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲप’ आणि ‘वाङ्मय’ हे शब्द टंकून पाहायला सांगतो. ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ उमटत असेल आणि पुष्कळ खटपट करूनही तो अर्धा र येत नसेल, तर त्या उपकरणावर मराठी अहवाल लिहिण्याचा हट्ट धरू नये. हिंदीला या अक्षराची गरज नसल्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या मांडणीत ते हमखास राहून जाते.

निकालपत्रकांचेही सांगायला हवे. आपल्याकडे तंत्राची आवड असलेल्या शिक्षकांनी गुणपत्रके आणि मूल्यमापनाच्या नोंदी यांसाठी फार सुंदर एक्सेल फाइली तयार केल्या आहेत, आणि त्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतात. एका पानावर गुण भरले की दुसऱ्या पानावर श्रेणी, तिसऱ्यावर वर्णनात्मक नोंद आणि चौथ्यावर प्रगतिपुस्तक छापायला तयार. यातल्या ज्या फाइली केवळ सूत्रांवर चालतात, त्या टॅबलेटवर चालतील. ज्यांत एक बटण दाबल्यावर सगळ्या वर्गाची पत्रके तयार होतात, त्यांत मॅक्रो असतात, आणि टॅबलेटवर ते बटण दाबले तरी काहीच घडत नाही. वर्षातून दोनदा येणारे हे काम दुकानातल्या संगणकावर उरकावे. आणखी एक छोटीशी गोष्ट: मायक्रोसॉफ्टचा नियम असा आहे की १०.१ इंच किंवा त्याहून लहान पडद्यावर वर्ड आणि एक्सेलच्या ॲपमध्ये साधे संपादन फुकट करता येते, त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी लागते. ११ इंचांचा टॅबलेट घेताना हा खर्च कोणी धरत नाही. गूगलचे डॉक्स आणि शीट्स फुकट आहेत, पण मराठीतले गुंतागुंतीचे तक्ते त्यांत नेऊन परत आणले की रांगा आणि रकाने हलतात.

वर्गात पडद्यावर पाठ दाखवायचा असेल, तर टॅबलेटच्या जोडणीतून चित्र बाहेर जाते का ते आधी विचारावे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटांना टाइप-सी जोडणी असते, पण तिच्यातून फक्त चार्जिंग होते आणि फाइली जातात, चित्र जात नाही. शाळेतला प्रोजेक्टर बहुधा केबलचाच असतो आणि वायफायची खात्री नसते. त्यामुळे ‘टाइप-सी आहे, एचडीएमआयची तार लावा की चालेल’ असे दुकानदार म्हणाला तर ती तार लावून दाखवायला सांगावे.

मुलीबद्दल थोडक्यात. सीईटी आणि जेईईचे व्हिडिओ पाहणे, पीडीएफ पुस्तके वाचणे, पेनाने गणिते सोडवणे आणि आकृत्या काढणे यांसाठी टॅबलेटइतके सोयीचे दुसरे साधन नाही. बारावीनंतर अभियांत्रिकीला गेली, तर प्रोग्रॅम लिहून चालवण्यासाठी किंवा पूर्ण ऑटोकॅडसाठी लॅपटॉप लागेल, आणि दोन वर्षांनी घेतलेला लॅपटॉप आज घेतलेल्यापेक्षा नवा असेल. तोवर थांबावे. एक मात्र लक्षात ठेवा, एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा २०१९ पासून केंद्रावरच्या संगणकावर होतात. प्रश्न पडद्यावर असतो, उत्तर माउसने निवडायचे असते आणि कच्चे काम कागदावर. वर्षभर बोटाने पान सरकवणाऱ्या मुलांचे हात त्या दिवशी अवघडतात, म्हणून सराव परीक्षांपैकी निदान काही दुकानातल्या संगणकावर द्यायला लावा.

टॅबलेट संगणकाची जागा घेणार, हे भाकीत जुने आहे. आयपॅड बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांनी, जून २०१० मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी एका जाहीर मुलाखतीत म्हटले होते की संगणक हे ट्रकसारखे होतील. ते राहतील, पण कमी लोकांना लागतील. तो पहिला आयपॅड आला तेव्हा त्याला ना फाइलींचे ॲप होते, ना पेनड्राइव्ह लावण्याची सोय. फाइलींचे ॲप २०१७ साली आले, पेनड्राइव्ह २०१९ साली वाचता येऊ लागला, माउस २०२० साली रीतसर चालू लागला, आणि हव्या त्या आकाराच्या खिडक्या शेजारी शेजारी मांडण्याची मोकळीक अलीकडच्या आवृत्त्यांत हळूहळू मिळाली. म्हणजे टॅबलेट वर्षानुवर्षे संगणकाच्याच दिशेने सरकत आला आहे. मायक्रोसॉफ्टने उलट बाजूने प्रयत्न केला. २०१२ साली आलेला त्यांचा सरफेस आरटी दिसायला विंडोजच होता, पण त्यावर विंडोजचे जुने कार्यक्रम चालत नव्हते. ग्राहकांनी तो नाकारला आणि पुढच्याच वर्षी कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. आपल्याकडे २०११ साली गाजावाजा करून आलेला ‘आकाश’ टॅबलेट स्वस्त होता, पण हातात घेतल्यावर त्याचा पडदा नखाने दाबावा लागे.

त्याच वर्षी सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेचे उदाहरण मात्र मला नेहमी पटते. त्या गणनेत माहिती कागदाऐवजी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या छोट्या टॅबलेटवर घरोघरी जाऊन भरली गेली. शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी, अंगणवाडीतल्या पोषणाच्या नोंदी, बँकेच्या प्रतिनिधीने घरी येऊन खाते उघडणे ही आजची कामे त्याच जातीची आहेत. माहिती जिथे जन्मते तिथे उभे राहून ती टिपायची, तर हातातले उपकरण संगणकापेक्षा कितीतरी चांगले. ती माहिती जुळवणे, दुरुस्त करणे, तिचा ताळा लावणे आणि तिच्यावर सही करणे हे काम पुढे कोणीतरी टेबलाशी बसून संगणकावरच करतो. दुकानदार म्हणून तुम्ही टेबलाशी बसणाऱ्यांपैकी आहात. वहिनी बहुतांशी जागेवर माहिती टिपणाऱ्यांपैकी आहेत.

विंडोजचाच टॅबलेट घेतला तर दोन्ही साधणार नाही का, असे तुमच्या मनात येईल. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेला विंडोज टॅबलेट हा संगणकच आहे. टॅली चालेल, डोंगल चालेल. पण तो महाग पडतो, मांडीवर डगमगतो आणि बॅटरी साध्या टॅबलेटइतकी टिकत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज टॅबलेट बॅटरीला चांगले आहेत, पण त्यांच्यावर जुने कार्यक्रम चालले तरी जुने ड्रायव्हर चालत नाहीत. उपकरणाचा ड्रायव्हर त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला असावा लागतो. तुमच्या प्रिंटरसारख्या जुन्या यंत्रांसाठी तो मिळेल या भरवशावर राहू नये.

खर्चाचा हिशेब टॅबलेटच्या छापील किमतीवरून करू नये. टॅबलेट, कीबोर्डचे कव्हर, पेन, जोडणीचा हब, संरक्षक काच आणि लागलाच तर नवा प्रिंटर अशी बेरीज केली, की बऱ्यापैकी लॅपटॉपची किंमत सहज पार होते. २०२५ साली आलेल्या साध्या आयपॅडची भारतातली किंमत ३४,९०० रुपये होती आणि त्याला बसणारा ॲपलचा स्वतःचा कीबोर्ड २४,९०० रुपयांना होता, यावरून अंदाज येईल. दुरुस्तीचेही तसेच. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय जळला तर तालुक्यात एका दुपारी बदलून मिळतो. टॅबलेटची बॅटरी फुगली किंवा काच तडकली तर ते गोंदाने चिकटवलेले खोके उघडायला शहरात पाठवावे लागते, आणि स्वस्त नाममुद्रांचे सुटे भाग दोन वर्षांनी मिळतही नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. दुकानासाठी विंडोज ११ प्रो असलेला साधा छोटा सीपीयू घ्यावा. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी आहे, आणि मॉनिटर, कीबोर्ड व माउस जुनेच वापरावेत. प्रिंटरही ठेवा, मात्र पैसे देण्यापूर्वी तो दुकानात नेऊन नव्या यंत्राला जोडावा आणि एक पान छापून घ्यावे. घरासाठी दहा इंचांच्या आसपासचा, पेन चालणारा, किमान ६ जीबी रॅमचा अँड्रॉइड टॅबलेट वहिनी आणि मुलगी यांच्यात घ्यावा. कीबोर्ड कव्हर न घेता वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तर तो पुढे मुलीच्या लॅपटॉपलाही चालेल. टॅबलेटला सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार आहेत, हे खोक्यावर नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. दोन वर्षांपेक्षा कमी असतील तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यावर बँकेचे ॲप राहणार आहे.

जुन्या संगणकावर विंडोज १० राहू द्यायचे असेल, तर त्याचे इंटरनेट काढून टाका. टॅलीचा बॅकअप आणि वहिनींच्या जुन्या फॉन्टांतल्या फाइली दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि फाइलींचे रूपांतर पूर्ण होईपर्यंत तो विकू नका. त्यात श्रीलिपी आणि तिचे फॉन्ट असतील, तर ते नव्या यंत्रावर आपोआप येणार नाहीत.